आप्पांची दोन दुखणी आणि अमेरिकेची गोळी

आप्पा माझ्याकडं व्यायाम शिकायला आलेच नव्हते. त्यांना फक्त हो किंवा नाही पाहिजे होतं. भाचा अमेरिकेत आयटीत आहे, त्यानं बातमी पाठवलेली की तिकडं दुखण्यावर एकदम नव्या जातीची गोळी आलीय, नशा नाही, सवय नाही, आणि दिवाळीला येताना तो घेऊन यायला तयार होता. "पोरगं पाठवतो म्हणतंय, एमडी डॉक्टर म्हणले मला म्हाईत न्हाई, तुम्ही वाचता म्हणं असलं काय काय, तर सांगा की, मागवू का नको?"

ओळख पटू नये म्हणून दोन-चार तपशील बदललेत आणि नाव देत नाही, आप्पाच म्हणू. वय ५४, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर टर्नर, निम्मं आयुष्य मशीनपुढं उभं राहून गेलेलं. शुगर ११ वर्षांपासून, त्यावर मेटफॉर्मिन चालू. चार वर्षांपूर्वी मणक्यातली गादी सरकली म्हणून ऑपरेशन झालं, वर्षभर बरं गेलं आणि मग डाव्या पायातली कळ परत आली. परत एमआरआय केला तर नस दबलेली काही दिसली नाही, जुन्या ऑपरेशनची खूण आणि वयाप्रमाणं झीज. आता झीज म्हटलं की लोक घाबरतात पण काहीही दुखत नसलेल्या पन्नाशीच्या माणसांचे स्कॅन जमवून बघितले तर ८० टक्क्यांत गादीची झीज आणि ६० टक्क्यांत गादी फुगलेली निघते (२०१५ सालचा मोठा आढावा आहे हा), त्यामुळं रिपोर्टातल्या त्या ओळीवर मी कधीच फार वेळ घालवत नाही.

मी फिजिओथेरपिस्ट, औषध लिहून देणं माझं काम नाही, आणि तसं मी आप्पांना सांगितलं पण. तरी गोळी मागवू का याचं उत्तर द्यायचं तर आधी ती कशावर मागवायची ते ठरायला पाहिजे, म्हणून म्हटलं झोपा जरा टेबलावर, बघू तरी.

आणि खरी केस तिथं सुरू झाली, कारण आप्पा ज्याला "पाय दुखतोय" म्हणत होते ती दोन वेगळी दुखणी होती. एक डाव्या बाजूचं, कुल्ह्यातून निघून मांडीच्या मागनं, पोटरीतनं करंगळीपर्यंत, जास्त वेळ बसलं किंवा पुढं वाकलं की सणक मारणारं. दुसरं दोन्ही तळपायांत, मोजे घालतो तेवढ्याच भागात, रात्री आग आग, चादर लागली तरी नको वाटणारं, आणि याचा वाकण्या-बसण्याशी काही संबंधच नाही. त्यांच्या मिसेस शेजारीच बसलेल्या, त्या म्हणाल्या, "मी रोज रात्री खोबरेल तेल लावतो ओ तळव्याला, ह्यांची आग काय जाईना, फॅन पायावर करून झोपत्यात." चार वर्षांत हे सगळं एकाच नावाखाली सांगितलं गेलं होतं, मणक्याचा त्रास, आणि एकदा ऑपरेशनची फाईल हातात असली की समोरचा माणूस पण तेच धरून चालतो, त्यात कुणाला दोष देण्यासारखं नाही, दहा मिनिटांची ओपीडी असते.

तपासणीत पाय सरळ उचलला की डावीकडं कळ येत होती. घोट्याचे झटके (हातोडी मारल्यावर पाय उडतो ते) दोन्हीकडं मंद होते, त्यावरनं काही ठरत नव्हतं कारण शुगरमुळं पण ते मंद होतात. मग १० ग्रॅमचा दाब देणारा नायलॉनचा दोरा तळव्याला टेकवून बघितला, डोळे मिटून सांगायचं लागलं का नाही, तर दोन्ही अंगठ्यांखाली त्यांना पत्ताच नाही. आणि उजव्या अंगठ्याच्या कडेला फोड फुटून जखम झालेली. नवी कोल्हापुरी घेतली होती, ती चावली. आता नवी चप्पल चावतेच हे आपल्याकडं पोराटोरांना ठाऊक आहे, पण चावलेली कळायला तर पाहिजे, आप्पांना ती जखम माझ्या टेबलावर पहिल्यांदा दिसली. ज्या पायाची रात्रभर आग होते त्याच पायाला चप्पल चावलेली कळत नाही, हे ऐकायला उलटं वाटतं पण शुगरनं नसा खराब झाल्या की असंच होतं, खऱ्या स्पर्शाची खबर पोचत नाही आणि खराब झालेली नस स्वतःच खोट्या खबरा पाठवत बसते.

लघवी-संडासचा ताबा, पायातली ताकद, मांड्यांच्या मधला बधिरपणा हे विचारून-तपासून घेतलं, तसलं काही नव्हतं. असतं तर ही केस लिहिण्याऐवजी त्यांना त्याच दिवशी सर्जनकडं पाठवलं असतं.

आता गोळी. सुझेट्रिजिन तिचं नाव, अमेरिकेत जर्नाव्हॅक्स या ब्रँडनं मिळते, तिथं औषधांना परवानगी देणाऱ्या एफडीएनं ३० जानेवारी २०२५ ला मंजूर केली. बातमी खोटी नव्हती, भाचा पण फेकत नव्हता. दुखण्याची खबर नेणाऱ्या नसांवर सोडियमसाठी बारीक बारीक दारं असतात, ती उघडली की सिग्नल पुढं जातो, आणि या दारांचे नऊ प्रकार आहेत. ही गोळी त्यातलं १.८ नंबरचं दार बंद करते, जे मुख्यतः शरीरातल्या दुखण्याच्या नसांवर असतं, मेंदूत तिला काम नसतं, म्हणून अफूच्या जातीच्या औषधांसारखी गुंगी आणि सवय लागायचं कारण उरत नाही. कल्पना म्हणून खरंच भारी आहे.

या दारांच्या मागं सगळे का लागले त्याची गोष्ट लाहोरची आहे, ती मी आप्पांना सांगितली कारण त्या चावलेल्या चपलेशी तिचा संबंध होता. तिकडं एक पोरगा रस्त्यावर खेळ करायचा, हातातनं सुरी आरपार घालायचा, निखाऱ्यावरनं चालायचा, त्याला दुखायचंच नाही. केंब्रिजच्या संशोधकांनी त्याच्या नात्यातल्या आणि तशाच इतर घरातल्या लोकांची तपासणी केली, आणि २००६ साली छापून आलं की त्यांच्यात १.७ नंबरचं दार जन्मापासूनच बिघडलेलं आहे. पोरगा मात्र तपासणी व्हायच्या आधीच गेला, चौदाव्या वाढदिवसाला घराच्या छतावरनं उडी मारून. आप्पा लगेच म्हणाले, "म्हणजे दुखायलाबी पाहिजे म्हणा की." हे मी सांगायचं तर भाषण झालं असतं, ते स्वतःच म्हणाले ते बरं झालं. त्यानंतर १.७ वर किती कंपन्यांनी पैसा ओतला आणि माणसावर आल्यावर एकामागनं एक औषध पडलं, मग मोर्चा १.८ कडं वळला आणि तिथनं ही गोळी निघाली.

पण मंजुरी कशाला मिळालीय? ताज्या दुखण्याला. ज्या दोन मोठ्या ट्रायलवर मंजुरी मिळाली त्यातली एक पोटाची चरबी-कातडी काढायच्या ऑपरेशननंतरच्या दुखण्यावर होती आणि दुसरी पायाच्या अंगठ्याचं वाढलेलं हाड काढल्यावरच्या दुखण्यावर, दोन्ही ४८ तासांचा हिशोब. साध्या गोळीपेक्षा, म्हणजे आत औषध नसलेल्या प्लासिबोपेक्षा, तिनं जास्त आराम दिला, पण हायड्रोकोडोन (अफूच्या जातीचं औषध) आणि पॅरासिटामॉलच्या जोडगोळीपेक्षा सरस ठरली नाही. १४ दिवसांच्या पुढं ताज्या दुखण्यात ती वापरून बघितलेली नाही असं तिच्या माहितीपत्रकातच आहे. आप्पांचं दुखणं तीन वर्षांचं. तीन महिन्यांच्या पुढं गेलं की जुनाट म्हणायचं असा सगळीकडं नियम आहे, आणि जुनाट दुखण्याला २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत आजार म्हणून स्वतःचा कोड पण मिळालाय, म्हणजे ताज्याचं औषध जुनाटाला चालेल असं गृहीत धरता येत नाही.

भाचा हुशार, त्यानं फोनवर लगेच विचारलं की जुनाटावर पण ट्रायल झालीय ना, मी वाचलंय. झालीय, आणि मजा अशी की दोन झाल्यात आणि त्या बरोबर आप्पांच्या दोन दुखण्यांवर आहेत.

पहिली मणक्यातनं पायात उतरणाऱ्या कळेवर. १२ आठवडे, अर्ध्या लोकांना औषध, अर्ध्यांना प्लासिबो, दुखणं ० ते १० मध्ये मोजायचं. डिसेंबर २०२४ ला निकाल आला, गोळीवाल्यांचं दुखणं २.०२ नं कमी झालं आणि प्लासिबोवाल्यांचं १.९८ नं. मी आप्पांना कागदावर दोन आकडे लिहून दाखवले, त्यांनी आयुष्यभर मायक्रोमीटर वाचलाय, म्हणाले यात काय फरक न्हाई. कंपनीनं नंतर सांगितलं की काही सेंटरला प्लासिबोचाच गुण फार आला, जिथं तो कमी आला तिथं औषधाचा फरक दिसतो वगैरे, असेलही, पण निकाल लागल्यावर सोयीची सेंटरं वेगळी काढून केलेल्या हिशोबावर मी तरी पैसे लावणार नाही.

दुसरी ट्रायल शुगरनं होणाऱ्या पायाच्या आगीवर. इथं २०२३ च्या शेवटी आलेले आकडे चांगले दिसले, दुखणं साधारण २ पॉइंटनं खाली, प्रेगाबालिन ही नसेची जुनी गोळी दिलेल्या लोकांचं पण तेवढंच खाली. भाचा इथंच अडकला होता, "बघा, चालतंय की." पण या ट्रायलमध्ये प्लासिबोचा गटच नव्हता. आणि कळेच्या ट्रायलमध्ये नुसत्या प्लासिबोनं जवळजवळ २ पॉइंट गेले होते, मग इथल्या २ पॉइंटमधला गोळीचा वाटा किती आणि वेळेचा, लक्ष देण्याचा, आशेचा किती, हे कसं काढणार? त्यासाठीच पुढची मोठी ट्रायल प्लासिबो धरून आखलीय, तिचा निकाल येईपर्यंत तळपायाच्या आगीला ती चालते असं पण म्हणता येत नाही आणि चालत नाही असं पण नाही.

दुखणं वाढतं-उतरतं, आणि माणूस डॉक्टरकडं किंवा ट्रायलमध्ये येतो ते वाढलेलं असताना, त्यामुळं काही न करता पण पुढच्या महिन्यात ते जरा उतरतंच. कुठल्याही पेन क्लिनिकच्या भिंतीवर लावलेल्या "आधी आणि नंतर"च्या आकड्यांना हा हिशोब लागू आहे, माझ्या क्लिनिकला धरून.

आता व्यवहाराचं. ५० मिलिग्रॅमची एक गोळी २०२५ ला बाजारात आली तेव्हा १५.५० डॉलरला, पहिल्या डोसला दोन आणि मग दर १२ तासांनी एक, म्हणजे महिन्याला ९०० डॉलरच्या वर, आपले ८० हजारांच्या आसपास. भारतात मंजूर नसलेलं औषध स्वतःपुरतं आणायला कायदेशीर वाट आहे, डॉक्टरची चिठ्ठी जोडून १२-ए फॉर्म भरायचा आणि १२-बी परमिट घ्यायचं, बॅगेत टाकून आणणं ही ती वाट नव्हे. पण माझ्या मते या सगळ्यापेक्षा मोठी अडचण आप्पांच्या खिशात होती. मी म्हटलं चालू असलेल्या सगळ्या गोळ्या टेबलावर ठेवा, तर शुगरच्या, नसेच्या आणि तिसरी एक पट्टी निघाली इट्राकोनाझोलची. पावसाळ्यात जांघेत नायटा झालेला, कारखान्यात घामानं होतोच, स्किनवाल्यांनी लिहून दिलेली. ही नायट्याची गोळी लिव्हरमध्ये औषधं मोडणाऱ्या एका एन्झाइमला जोरात अडवते, आणि सुझेट्रिजिन त्याच एन्झाइमनं मोडलं जातं, म्हणून दोन्ही एकत्र घ्यायचीच नाहीत असं माहितीपत्रकात स्पष्ट आहे. अमेरिकेत दुकानदारानं कॉम्प्युटरवर बघून अडवलं असतं, इथं घरी बसून कोण अडवणार?

म्हणून माझं उत्तर नाही. आप्पांचं तोंड उतरलं, मिसेस मात्र ८० हजार वाचले म्हणून खुश दिसल्या.

अजून दोन गोष्टी त्यांच्या डोक्यात कुणी कुणी घातलेल्या. पाठीत वायर बसवून करंट सोडायचं मशीन, काही लाखांचं काम. यावर नॉर्वेत एक नेमकी ट्रायल झालीय, २०२२ ला छापली, ५० जण, सगळे मणक्याच्या ऑपरेशननंतर पाय दुखत राहिलेले, म्हणजे अगदी आप्पांसारखे. मशीन सगळ्यांना बसवलं आणि आळीपाळीनं चालू-बंद ठेवलं, पेशंटला माहीत नाही कधी चालू आहे, आणि फरक सापडला नाही. पेन स्पेशालिस्टांचं म्हणणं आहे की त्यात वापरलेलं सेटिंग ते रोज वापरतात तसं नव्हतं, तो वाद चालू आहे, मी आप्पांना दोन्ही बाजू सांगितल्या आणि म्हटलं हे शेवटी ठेवू. दुसरं म्हणजे कुठंतरी "रिसर्च चालू आहे" म्हणून पैसे घेऊन स्टेम सेलचं इंजेक्शन देणारे. याला दोन मिनिटं पण दिली नाहीत. रिसर्च असेल तर ती सीटीआरआय या सरकारी नोंदणीत सापडली पाहिजे, २००९ पासून नोंद सक्तीची आहे, आणि ट्रायलमधलं औषध पेशंटला विकत देत नाहीत. पावती फाडून रिसर्च होत नसते.

मग भाच्याचा शेवटचा प्रश्न, आगीवरच्या मोठ्या ट्रायलमध्ये मामांना घालता येईल का. बहुतेक नाही. अशा ट्रायलमध्ये ज्याला पायात दुसरं कुठलं दुखणं आहे त्याला सहसा घेतच नाहीत, कारण मग उतरलं ते कुठलं हे कळत नाही. शास्त्र म्हणून बरोबर आहे, पण माझ्या वेटिंगमध्ये बसलेली माणसं बघितली तर निम्म्यांना दोन-दोन तीन-तीन दुखणी, म्हणजे ज्यांच्यासाठी औषध शोधायचं ते लोक दारातच गाळले जातात, याचा राग येतो खरा.

काय केलं ते सांगतो. पहिलं म्हणजे मोजणी वेगळी केली. मिसेसनी कालनिर्णयच्या चौकटीत रोज रात्री दोन आकडे लिहायचे, "प" म्हणजे पायातली कळ आणि "त" म्हणजे तळवे. सुरुवातीला प ६, त ७ अशा आसपास. आठवड्यातच दिसलं की दोन्ही एकत्र हलत नाहीत, वारीतल्या मंडळींना भेटायला जीपमधनं पंढरपूरला गेले त्या दिवशी प ८ झाला आणि त जिथल्या तिथं.

एमडींना चिठ्ठी लिहिली, त्यात तपासणी, दोन दुखणी आणि एक प्रश्न, बी१२ बघितलंय का. आप्पा माळकरी, मटणाला शिवत नाहीत, दूध-दही पण शुगर म्हणून बंद केलेलं, आणि मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की बी१२ उतरू शकतं, आणि बी१२ कमी पडलं तरी तळव्यांत असंच होतं. रिपोर्ट आला, बरंच कमी. इंजेक्शनं सुरू झाली. नसेची गोळी म्हणून प्रेगाबालिन चालू होती, ती खाऊन सकाळी गरगरतं अशी तक्रार होती, आणि गरगरणारा माणूस लेथच्या फिरत्या चकपुढं उभा करणं मला तरी झेपत नाही. प्रेगाबालिनची गंमत पण अशीच दुहेरी आहे, पायात उतरणाऱ्या कळेवर २०१७ च्या ट्रायलमध्ये ती प्लासिबोपेक्षा सरस ठरली नाही आणि चक्कर मात्र जास्त आली, पण शुगरच्या आगीवर तिला २००४ पासून मान्यता आहे. ब्रिटनमध्ये २०२२ ला आगीवरच्या तीन जुन्या औषधांची तुलना झाली, ॲमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन, प्रेगाबालिन, एकानं भागलं नाही तर दुसरं जोडायचं, तिन्ही वाटांनी दुखणं सरासरी ६.६ वरनं ३.३ वर आलं, म्हणजे कुठनं पण सुरुवात करा, सोसेल ते निवडा. एमडींनी प्रेगाबालिन हळूहळू उतरवली आणि ड्युलोक्सेटिन सुरू केलं. पाव-डझन स्वस्त जुनी औषधं, कुणी बातमी करत नाही त्यांची.

कळेचं काम माझं. ऑपरेशननंतर "वाकू नका, उचलू नका" सांगितलेलं ते चार वर्षं देवाची आज्ञा म्हणून पाळलेलं, पट्टा कमरेला सदैव, बसताना श्वास धरून ताठ. ऑस्ट्रेलियात २०२३ ला ४९२ लोकांवर एक ट्रायल झाली, कमरेच्या जुनाट दुखण्यात माणसाची भीती, हालचाल आणि रोजचं जगणं तिन्ही धरून फिजिओनं शिकवायचं, वर्षानंतर पण फरक टिकला आणि तीन वर्षांनी बघितलं तेव्हाही होता. मी तिच्या धर्तीवर चाललो, मात्र ती कमरेवरची ट्रायल आहे, ऑपरेशन झालेल्या पायाच्या कळेसाठी खास केलेली नाही, एका दुखण्याचा निकाल दुसऱ्याला लावायचा नाही हा भाच्याला लावलेला नियम मला पण लागतो, तसं आप्पांना सांगितलं. खुर्चीतनं वाकून चप्पल उचलणं, मग जमिनीवरची पाण्याची घागर, मग कारखान्यात लेथवर चढवायचा लोखंडी जॉब, कळ ४ पर्यंत गेली तर चालेल, त्याच्या वर गेली तर त्या दिवशी एक पायरी खाली. पट्टा सोडायला सगळ्यात जास्त वेळ लागला, तो मनाला बांधलेला होता.

आज प ३ ते ४ मध्ये खेळतोय, त ४ वर आलाय. आप्पा अर्धा दिवस लेथवर उभे राहतात. यातलं काय कशानं झालं? बी१२ नं, ड्युलोक्सेटिननं, पट्टा सोडल्यानं, नुसतं नीट ऐकून घेतल्यानं, का दुखणं उतरणीला असतानाच आम्ही भेटलो, एका माणसावरनं हे निघत नाही, आणि कुणी माझ्या नावानं "आप्पा बरे केले" म्हणून सांगत सुटलं तर त्याला हेच दाखवा.

अंगठ्याची जखम भरायला महिना गेला. आता रोज रात्री मिसेस दोन्ही तळवे उजेडात बघतात, कोल्हापुरी कार्याला-देवाला तेवढी, एरवी मऊ सोलचे बूट. बी१२ परत तपासायचं आहे. आगीवरच्या मोठ्या ट्रायलचा निकाल आला की भाचा फोन करणार आहे, आणि तो चांगला आलाच तर विचार फक्त त च्या आकड्याचा होईल, तोही एमडींकडं आणि तोपर्यंत नायट्याची गोळी बंद असेल तरच.